अधिक चिन्ह

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. विषय ऑफिसचा आहे, पण मामा-मावश्यांनी लगेच पळू नये. यात बाबाही आहेत. :)

बाबा बार्शीला भुसार आडतीत दिवाणजी होते. त्यांच्या कीर्दीत चुकलेला आकडा कधी पुसला जात नसे. त्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. "चूक दिसली पाहिजे, अन् कुणाची तेही," म्हणायचे. लहानपणी मला ते गचाळ वाटायचं.

आता ऑफिस. आम्ही लिहिलेले प्रोग्राम गिटमध्ये ठेवतो. गिट म्हणजे एक कीर्दच, लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेली. प्रत्येक बदलाची नोंद म्हणजे कमिट, आणि नोंदींची माळ म्हणजे ब्रांच. फेच केलं की सर्व्हरवरची माळ आपल्या मशीनवर येते. एरवी नवे मणी ओवले जातात, जुने जागच्या जागी राहतात. पण गिटमध्ये इतिहास नव्यानं लिहिताही येतो. रिबेस करा, फोर्स पुश करा, की सर्व्हरवर जुनीच्या जागी वेगळीच माळ. अशी बदललेली माळ फेचनं घ्यायची की नाही, हे कॉन्फिगमधलं एक चिन्ह ठरवतं. क्लोन केलं की गिट आपणहून ही ओळ लिहून ठेवतं:

फेच = +रेफ्स/हेड्स/*:रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/*

सुरुवातीचा तो '+' म्हणजे "इतिहास बदललेला असला तरी चालेल, घे." इतकी वर्षं ही ओळ पाहिली, पण त्या चिन्हाकडे कधी लक्षच गेलं नाही.

तर झालं असं... टीममध्ये परभणीचा एक नवा मुलगा आलाय. त्यानं दोन दिवस खपून एक काम गुरुवारी संपवलं. शुक्रवारी जुना लॅपटॉप जमा करून नवा घेतला. सोमवारी बघतो तर रिलीज ब्रांचवर त्याच्या तीन कमिट नाहीतच. मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "पुश करायचं विसरला असशील." तो म्हणाला, "असेल, ताई." आणि पहिल्यापासून लिहायला बसला.

बुधवारी मी भलत्याच कामासाठी रात्रीच्या बिल्ड मशीनचा लॉग चाळत होते. शुक्रवारच्या रात्री एक ओळ होती: पुढे अधिक चिन्ह, तीन टिंबांनी जोडलेले दोन नंबर, आणि कंसात 'फोर्स्ड अपडेट'. पोटात गोळाच आला. शुक्रवारी दुपारी आधी फेच न करता ती ब्रांच रिबेस करून फोर्स पुश केली होती, ती मीच. तो काही विसरला नव्हता. मी त्याचं काम पुसलं होतं, तेही सही न करता.

त्या दोन नंबरांतला डावीकडचा जुना. त्या मशीननं गुरुवारी रात्री त्याच्या कमिट आणलेल्या होत्या. जुन्या नंबरावरून नवी ब्रांच काढली, तर तिन्ही कमिट जशाच्या तशा! माळेतून सुटलेल्या अशा नोंदी रेफलॉगमध्ये एरवी ३० दिवस तरी टिकतात, म्हणून वाचले.

खोटं कशाला सांगू, पाच मिनिटं वाटलं, कुणाला काही कळणार नाही. गुपचूप ब्रांच त्याला द्यावी, "सापडली" म्हणावं. पण दुसऱ्या दिवशी त्याच मीटिंगमध्ये, त्याच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, मला वाटलं मीच वेडा झालोय."

मग बिल्ड मशीनचं कॉन्फिग बदललं. सरसकट ओळ काढून वेगवेगळ्या ओळी लिहिल्या:

फेच = रेफ्स/हेड्स/मेन:रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/मेन
फेच = रेफ्स/हेड्स/रिलीज:रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/रिलीज
फेच = +रेफ्स/हेड्स/प्रयोग/*:रेफ्स/रिमोट्स/ओरिजिन/प्रयोग/*

आता मेन किंवा रिलीजचा इतिहास कुणी बदलला, तर फेच 'रिजेक्टेड' म्हणून अडतं, बिल्ड थांबतं आणि माणसाला येऊन बघावं लागतं. ते चिन्ह वाईट नाही हं. खुद्द गिटच्या प्रकल्पात 'सीन' नावाची ब्रांच आहे (२०२० पर्यंत तिचं नाव 'पीयू' होतं), ती सतत नव्यानं रचली जाते आणि हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे '+' हवाच. जिथे इतिहास बदलणार हे आधी ठरलंय, तिथे तो असू दे. बाकी ठिकाणी कुणीतरी विचारलं पाहिजे.

रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. गिट त्यांना कळलं नसावं, बाकीचं कळलं.

"सही केलीस ना?"

"केली, बाबा."

"अन् त्या पोराचा सोमवार-मंगळवार?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते दोन दिवस कुठल्याच रेफलॉगमधून परत येत नाहीत.