बार्शी लाइटचा शेवटचा डबा

गंज कुठेही येत नसतो, असं दादा म्हणायचा. पाणी थांबतं तिथे तो धरतो. रिव्हेटच्या डोक्याखाली, दाराच्या खालच्या खाचेत, पत्र्याला पत्रा जोडलेल्या सांध्यात. त्यामुळे मालडबा रंगवायला घेतला की आधी कितीतरी वेळ तो नुसता फिरवून बघायचा. "पाऊस पडला तर पाणी कुठून उतरेल, सांग बरं," असं मला विचारायचा. डबा असायचा जेमतेम माझ्या मधल्या बोटाएवढा.

नोकरी बँकेत केली, पण जीव जडला होता बार्शी लाइट रेल्वेवर. निवृत्तीनंतर त्याने तिच्याशिवाय दुसरी कुठलीही गाडी बांधली नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी लाइन 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे ती एकीकडे लातूरला, दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेला गेली. इंजिन असो वा डबा, एका आसावर 5 टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉपचा नियम. दादा तो घरातल्या वडीलधाऱ्याचा शब्द सांगावा तसा सांगायचा.

दादाच्या प्रतिकृतींचं प्रमाण होतं 1:87. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 87 ने भागलं की पावणेनऊ येतात. बाजारात 9 मिलिमीटरचा रूळ मिळतो, पण तो मोठ्या गाडीच्या आणखी छोट्या प्रतिकृतीसाठी असल्याने त्याचे स्लीपर बारीक आणि दाटीवाटीचे. दादा ते काढून टाकायचा आणि लाकडाच्या चिपा कापून नवे बसवायचा. बार्शी लाइटचा तयार संच त्याला कधी मिळालाच नाही. युरोपातल्या नॅरोगेज डब्यांचे प्लॅस्टिकचे संच मागवायचे, त्यातली चाकं आणि सांगाडा घ्यायचा, बाकी सगळं पातळ प्लॅस्टिकमधून कापून काढायचं.

पण त्याचा खरा जीव रमायचा तो डबा जुना करण्यात. विकतचा धुळीचा रंग त्याला पसंत नव्हता. तो तांबूस असतो आणि आमच्याकडची माती काळी. बार्शीच्या शेतातली माती आणून तो मलमलीतून गाळायचा. त्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवायचा. काळ्या मातीत लोहाचे बारीक कण असतात. ते इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला चिकटले तर मोटर संपलीच. चुंबकाला लागलेली ती काळी लव मी कागदावर झटकायची. एवढं करूनही माती तशीच लावली तर डबा भलताच गडद दिसे, कारण छोट्या वस्तूवर रंग फिका करावा लागतो. मग पांढऱ्या-करड्या खडूची पूड मिसळायची. ती घासून द्यायचं काम माझं.

ज्वारीची, तुरीची पोती जिथून ओढली जात, त्या उंबरठ्यावर तो गंज लावत नसे. घासलेलं लोखंड गंजत नाही, चकाकतं. तिथे पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने चोळायची. प्रवासी डब्याच्या टपावरून आमचं भांडण झालं होतं. आषाढीला वारकरी टपावर बसून पंढरपूरला जात. मी म्हणायची, रंग मधोमध उडवायचा. तो म्हणायचा, माणूस बसतो तिथे नाही गं, चढतो तिथे रंग उडतो. कडेच्या पट्टीवर त्याने टाचांच्या खुणा केल्या. मला वाटतं, कुठल्याही कारखान्याच्या संचात ही गोष्ट येणार नाही. ती लहानपणी फलाटावर उभं राहून पाहिलेली असावी लागते.

2008 मध्ये कुर्डुवाडी ते लातूर ब्रॉडगेज पूर्ण झाली, आमची छोटी गाडी गेली. लोकांची सोय झाली, याचं दादाला मनापासून बरं वाटलं. त्याच वर्षी त्याने घरातल्या गाडीचं टेबल दोन फुटांनी वाढवलं.

आता दादा नाही. टेबलावर धूळ बसते, आणि खरी धूळ या गाडीला शोभत नाही. 1:87 च्या जगात खऱ्या धुळीचा कण म्हणजे खडाच. त्याने केलेली धूळ दिसायची तर ही झटकावी लागते. मऊ ब्रशने मी ती झटकते. पुडीवर त्याने मॅट वार्निश फवारलेलं असल्याने रंगाला धक्का लागत नाही.

शेवटच्या मालडब्यावर मात्र वार्निश नाही. आजारपणात त्याने तो पुडीपर्यंत आणला आणि डबा तिथेच राहिला. त्याला बोट लागलं तर दादाच्या हातचं काम माझ्या बोटावर येईल. वार्निश फवारलं तर पूड विरते, रंग निम्मा होतो, मग पुन्हा लावावा लागतो. पुन्हा लावणं मला जमतं. मातीची डबी अजून अर्धी भरलेली आहे. पण या डब्यावरून पाणी कुठून उतरलं हे त्याने ठरवलं होतं, मला सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुठल्याही उत्तराने माझं समाधान होणार नाही. म्हणून तो काचेच्या पेटीत ठेवलाय. बाकीची गाडी मी चालवते, चाकं पुसते, तेल घालते. तो डबा जोडत नाही.