थेंबे थेंबे कूलंट

गाडीतलं कूलंट कमी होत असेल तर ते कुठेतरी जात असतं. पेट्रोलसारखं ते जळून संपत नाही, तेच ते पाणी इंजिन आणि रेडिएटर यांच्यात फिरत राहतं. वर्षभरात बाजूच्या टाकीतली पातळी थोडीफार उतरली तर समजू शकतो. पंधरा दिवसांत ‘मॅक्स’वरून ‘मिन’वर आली तर मात्र काहीतरी गळतंय. आमच्या गाडीचं तेच चाललं होतं.

आमची म्हणजे बाबांची. बारा वर्षांची हॅचबॅक, दोन दरवाज्यांवर सोसायटीच्या खांबाची सही. तर झालं असं, की जानेवारीत ती सर्व्हिसिंगला दिली. तिथल्या ॲडव्हायझरने पंधरा मिनिटं बघून एस्टिमेट हातात ठेवलं. रेडिएटर, वॉटर पंप, सगळे होज, मजुरी धरून १९ हजार. म्हटलं, "लीक नक्की कुठे आहे?" तर म्हणे, "सर, एवढ्या जुन्या गाडीत हे सगळं बदलूनच टाकायचं असतं."

बाबा वाटेत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "अरे, एवढे पैसे घालून वर भरवसा नाहीच. काढून टाकू गाडी. एक वर्ष शिमग्याला नाही गेलो तर काय होतंय?"

काय होतंय ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. गाव चिपळूणजवळ. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. ती आमच्या अंगणात येते तेव्हा बाबा तिथे असतात, मला आठवतंय तेव्हापासून. गुडघ्यांमुळे आता एसटी जमत नाही. आणि परतीच्या वाटेवर कुंभार्ली घाट चढायचा असतो. दुसरा गिअर, पुढे कण्हत चाललेला ट्रक, इंजिनावर पूर्ण लोड आणि रेडिएटरला वारा जवळजवळ नाहीच. कूलंट कमी असेल तर गाडी दगा देणार ती अशाच ठिकाणी.

त्यात आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना तापमानाचा काटाच नसतो, फक्त एक लाल दिवा. त्या दिव्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असतो. पातळी फार खाली जाऊन सेन्सर उघडा पडला, तर तो नुसती हवा मोजत बसतो. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच दिवा उशिरा लागू शकतो. तोवर इंजिनाचं हेड तापून वाकलं, तर १९ हजार स्वस्त वाटावेत असं बिल येतं.

आमच्या धंद्यात बग रिप्रोड्यूस झाल्याशिवाय कुणी सर्व्हर बदला म्हणत नाही. (म्हणतात. पण ती माणसं पुढे मॅनेजर होतात.) शनिवार-रविवार मोकळा होता. म्हटलं, आधी बघू तरी.

सगळ्यात आधी वाईट शक्यता तपासली. हेड गॅस्केट गेलं असेल तर कूलंट इंजिनाच्या आतच जातं. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो किंवा ऑइल दुधाळ दिसतं. दोन्ही नव्हतं. मग टाकीवर मार्करने रेघ मारून शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहिले. पातळी बघायची ती रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. गरम झाल्यावर कूलंट फुगतं, तेव्हाच्या आकड्याला अर्थ नाही.

रेघ उतरत होती, पण खाली पार्किंगच्या फरशीवर थेंब नाही. हे कोडं कुकरने सुटलं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच. स्प्रिंग लावून ते आत साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे उकळबिंदू वर जातो. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे असतील तर एरवी १०७ अंशांच्या आसपास उकळणारं मिश्रण १२५ च्या पुढेही शांत राहतं. (म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडू नये. कुकरचंही उघडत नाही आपण.) पण बंद करून ठेवलेल्या गाडीत तो दाब नसतोच. मग पार्किंगमध्ये काय दिसणार?

नाक्यावरच्या गॅरेजवाल्या काकांकडे झाकणाच्या जागी लावायचा हातपंप होता. सायकलच्या पंपासारखाच, वर एक मीटर. "ने, पण संध्याकाळच्या आत आण. आणि झाकणावर आकडा असतो, त्याच्या वर दाब द्यायचा नाही," एवढंच बोलले. रविवारी सकाळी सात वाजता, थंड इंजिनावर, काटा एक बारला नेऊन ठेवला. दहा मिनिटांत तो ०.७ वर. तोपर्यंत मी टॉर्च घेऊन एकेक जोड बघत होतो. एअर फिल्टरचा डबा काढल्यावर खाली हीटरकडे जाणारा होज दिसला. तो इंजिनाच्या ज्या नळीवर चढतो तिथे वाळलेल्या कूलंटची गुलाबी-पांढरी खपली. आणि खपलीवर एक नवा, टपोरा थेंब.

जोडाला स्क्रूची क्लिप होती, गॅरेजमधली जुबली क्लिप. लम्ली रॉबिन्सन नावाच्या ब्रिटिश कमांडरने १९२१ मध्ये तिचं पेटंट घेतलं, शंभर वर्षं झाली तरी चालतेय. भारी वस्तू आहे. फक्त एकदा आवळली की तिचा घेर तेवढाच राहतो. आतलं रबर वर्षानुवर्षं दबून बसतं, पूर्ववत फुगत नाही, आणि थंडीच्या सकाळी आणखी आखडतं. गाडी सुरू केली की पहिली काही मिनिटं तिथून झिरपणार, मग सगळं तापून जोड मिटणार, आणि झिरपलेलं गरम धातूवरच वाळून जाणार. फरशीवर पडायला उरतंय काय!

आठ नंबरच्या पान्याने पाऊण फेरा. जास्त नाही, कारण पट्टी रबर कापते. पुन्हा दाब दिला. काटा वीस मिनिटं जागचा हलला नाही.

तरी रबर दबलेलं ते दबलेलंच. म्हणून पुढच्या शनिवारी तो एक होज आणि स्प्रिंगची क्लिप घातली. ती रबर आखडलं की आपोआप मिटत जाते. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भरलं. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीवर जे थर चढतात ते रेडिएटरमध्ये नकोत. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनी आपला रंग घालते. मग हीटर फुल्ल लावून आत अडकलेली हवा निघेपर्यंत घाम गाळत बसलो. सांडलेलं लगेच पाणी मारून, पुसून काढलं. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि आमच्या पार्किंगमध्ये मांजरांची दोन कुटुंबं आहेत. एकूण खर्च हजाराच्या आत.

शिमग्याला गेलो. परतीला कुंभार्लीत अपेक्षेप्रमाणे ट्रक भेटला, आणि लाल दिवा शांत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाईपर्यंत बाबा बॉनेट उघडून उभे होते. पातळी रेघेवर होती. मार्करने त्यांनी स्वतः शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहिले होते, माझ्यापेक्षा चांगल्या अक्षरात.

गाडी विकायचं काय झालं ते मी विचारलेलं नाही. पुढचे दोन टायर बदलायला हवेत, असं म्हणत होते काल.