भाची समुद्रात उतरली तेव्हा



दिवाळीचा फराळ संपत आला होता, तेव्हा कार्डिफहून भाचीचा फोन आला. "मावशी, २६ डिसेंबरला मी टेन्बीच्या समुद्रात उतरणार आहे. आईकडे नर्स यायच्या ना, त्यांच्या संस्थेसाठी पैसे जमवतेय. तुम्ही पण थोडे थोडे द्याल ना?"

मी पटकन बोलून गेले, "अगं, पैसेच द्यायचे तर पगारातून दे. त्यासाठी बर्फासारख्या पाण्यात कशाला उतरायचं? नुसता तमाशा!"

ती क्षणभर गप्प झाली. मग "बरं मावशी" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या एका "बरं"ने माझी रात्रीची झोप गेली.

माझी ताई, म्हणजे तिची आई, दीड वर्षापूर्वी कर्करोगाने गेली. शेवटचे चार महिने ती लेकीकडेच होती. त्याच सुमारास सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे मला खामगाव सोडता आलं नाही. ताईला शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. तिच्याकडे रोज सकाळी नर्स यायची. वेदनेचं औषध द्यायची, कूस बदलून द्यायची, केस विंचरायची. ताई सूर्यास्तानंतर काही घेत नाही हे कळल्यावर तिने डॉक्टरांना विचारून औषधांच्या वेळा बदलून घेतल्या. आपला धर्म तिला ठाऊक नव्हता, पण ताईचा नेम तिने मोडू दिला नाही. आणि या सगळ्याचा एक पैसाही घेतला नाही. तिकडे अशा सेवेचा बराचसा खर्च लोकांच्या देणग्यांवर चालतो. मी जे करायला हवं होतं ते त्या बाईने केलं, आणि तिच्यासाठी मदत मागणाऱ्या लेकराला मी तमाशा म्हणाले.

घरात सासूबाईंचं वेगळंच सुरू झालं. त्यांचा स्वाध्याय पक्का. त्या म्हणाल्या, "समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात नदी-समुद्राच्या स्नानाला लोकमूढता म्हटलंय. आपण पाणी गाळून पितो, जिवाणी विहिरीत परत सोडतो, आणि ही पोरगी समुद्र घुसळायला निघाली?" मला उत्तर सुचेना. हीच पोरगी मे महिन्याच्या सुटीत आमच्याकडे यायची, तेव्हा घागरीच्या तोंडावर गाळण्याचं कापड धरायला तिचाच हात पुढे असायचा.

दुसऱ्या दिवशी मीच तिला फोन केला. माफी मागितली आणि म्हटलं, "आता नीट सांग, काय असतं ते."

टेन्बी हे वेल्समधलं किनाऱ्यावरचं छोटं गाव. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिथे लोक एकत्र समुद्रात उतरतात. १९७० सालापासूनची ही रीत आहे. शेकडो माणसं येतात, कुणी सोंगं घेऊन येतात, आणि त्यातून धर्मादाय कामांना पैसा मिळतो. त्या दिवसांत पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. आपण फ्रिजमधून बाटली काढतो ना, जवळजवळ तसंच.

आणि हे आंधळं धाडस नव्हतं. ती सप्टेंबरपासून दर रविवारी एका गटाबरोबर पाण्यात जात होती. एकटीने कधीच नाही. एकदम उडी मारायची नाही, हळूहळू चालत आत जायचं. पहिली एक-दोन मिनिटं श्वास धाप लागल्यासारखा तुटतो, तो शांत होईपर्यंत पोहायचं नाही. काही मिनिटांतच बाहेर यायचं. बाहेर आल्यावरही शरीर थोडा वेळ आतून गार होतच राहतं, म्हणून लगेच अंग कोरडं करून कपड्यांवर कपडे चढवायचे आणि गरम काहीतरी घोट घोट प्यायचं. तडक कढत पाण्याने आंघोळ करायची नाही. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. हे ऐकून माझी अर्धी भीती गेली.

"पण पगारातून का नाही दिलेस?" मी पुन्हा विचारलंच.

ती म्हणाली, "दिले गं. पण माझ्या एकटीचे किती होणार? आणि नुसते पैसे मागितले तर लोक नंतर बघू म्हणतात. मी गार पाण्यात उभी राहणार म्हटल्यावर आधी विचारतात, का? मग मला आईबद्दल सांगता येतं."

मला आपल्या मंदिरातली बोली आठवली. बोलीला मी नावं ठेवत नाही, आपल्या कितीतरी मंदिरांची कामं त्यातूनच उभी राहिली आहेत. पण बोलीत हात वर करायला आधी खिसा भरलेला लागतो. मागच्या ओळीत बसलेल्या आपल्यासारख्या बायका फक्त टाळ्या वाजवतात. इथे जिच्याकडे पैसा नाही तिलाही पुढे येता येतं. ती आपला थोडा त्रास पुढे ठेवते आणि बाकीचे दहा-वीस पौंड देतात.

मुंबईची जिया राय आठवते का? स्वमग्न असलेली ही मुलगी १७ फेब्रुवारी २०२१ रोजी वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली, ८ तास ४० मिनिटांत. स्वमग्नता म्हणजे काय हे लोकांना कळावं म्हणून. तेव्हा मी बातमी वाचून नुसतं "वा!" म्हटलं होतं. ती का पोहली, हा विचार आता केला.

२६ तारखेला आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजत आले होते. चौविहाराची घाई, तव्यावर भाकरी, आणि फोन डब्याला टेकवून ठेवलेला. भाचीच्या मैत्रिणीने किनाऱ्यावरून दाखवलं. राखाडी आभाळ, आरडाओरडा करत पळणारी माणसं, आणि त्यात आमची पोर हळूहळू चालत आत जाणारी. पाणी छातीपर्यंत आलं तशी ती थांबली आणि तिने डोळे मिटले. सासूबाई शेजारी णमोकार म्हणत होत्या. माझी भाकरी करपली. सहा-सात मिनिटांत ती बाहेर आली, ओठ निळसर, दात वाजताहेत. ब्लँकेटमधून म्हणाली, "मावशी, आईला दिसलं असेल का गं?" मला बोलता आलं नाही.

सासूबाई जरा वेळाने म्हणाल्या, "पुण्य लागावं म्हणून समुद्रात न्हाणं ही मूढता. तिने पुण्य नाही मागितलं, औषधदान मागितलं." तरी पुढच्या वर्षी तिने दुसरा उपाय शोधावा, पाण्यातले जीव वाचतील, असंही त्या म्हणाल्याच. मलाही तसंच वाटतं. पण रात्री त्यांनी बटव्यातून पाचशेची नोट काढून माझ्या हातावर ठेवली.

भाची म्हणाली, "इकडे पाठवायची खटपट नको, तिथेच कुणाच्या उपयोगी पडू दे." मग आम्ही आठ-दहा जणींनी मिळून दोन एअर बेड आणि एक कमोडची खुर्ची घेतली, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी वापरायला देण्यासाठी. कुणाचंच नाव घातलं नाही. पहिला बेड संक्रांतीच्या आधीच गेला.

तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी असं आजारपण असेल तर नक्की कळवा. आणि लेकरू काही वेगळं करायला निघालं, तर "तमाशा" म्हणण्याआधी एकदा "का गं?" असं विचारा.

जय जिनेंद्र.