पिचरचं कोपर

"सर, थोडासाच दुखून रायला," असं यवतमाळचं पोर म्हणालं, की मी त्याचे थ्रो तिथेच थांबवतो. खरोखर थोडंसं दुखत असतं तर ते बोललंच नसतं. संघातून नाव कटेल ही धास्ती त्याला दुखण्याहून मोठी वाटते. म्हणून मी त्याच्या सांगण्यावर विसंबत नाही, हाताकडे बघतो. बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणारा तो पिचर; थकलेल्या पिचरचं कोपर खांद्याच्या खाली उतरू लागतं, चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जायला लागतात, मधल्या वेळात तो मनगट झटकतो.

मग कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा अंगठ्याने हलकेच दाबायचा. पोरगं हात ओढून घेतं का, ते बघायचं. या वयात ते हाड पुरतं जुळलेलं नसतं, मध्ये कूर्चेचा मऊ थर असतो. बेसबॉल जेमतेम १४५ ग्रॅमचा, पण दर जोरकस थ्रोला स्नायू तो थर ओढतात. शालेय स्पर्धांचे १४ आणि १७ वर्षांखालचे गट नेमके याच वयाचे! बाम चोळून हे बरं होत नाही. डॉक्टरला दाखवावं लागतं, आणि पुढचे कित्येक आठवडे थ्रो बंद.

अमेरिकेतल्या लिटल लीगने २००७ पासून डावांऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. १३-१४ वर्षांच्या पिचरला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू, आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस विश्रांती. आपल्याकडे सामने एका दिवसात उरकायचे असतात, त्यामुळे सकाळचा पिचर दुपारीही उभा. मी तीन पिचर तयार ठेवतो आणि बाकावरच्या एका पोराला चेंडू मोजायला वही देतो. वॉर्मअपचे चेंडूही त्यात येतात.

आणि थ्रो येतो पायांतून. एका पायावर अर्धी बैठक मारायला लावली आणि गुडघा आत झुकला, तर समजावं, कमरेत जोर नाही; ती उणीव खांदा आणि कोपर भरून काढतायत. वेचणीच्या दिवसांत पोरं घरच्या कपाशीत हात लावून मैदानावर येतात, वाकून वाकून कंबर आखडलेली असते. तेव्हा मी थ्रो निम्म्यावर आणतो. बैठका, पाठीचे आणि कमरेचे व्यायाम वाढवतो. पालक नाराज होतात, होऊ देत.

१४ वर्षांखालच्या गटात तरी गुणपत्रकावर धावांशेजारी पिचरच्या चेंडूंचा रकाना असावा, हे मी स्पर्धेच्या दर बैठकीत मांडतो. येत्या बैठकीतही मांडणार आहे.