डिकीवरचं नाव

जुन्या फियाटचा बॅज काढायचा तर आधी डिकी उघडून आतून बघायचं. बाहेरून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणारे लोक मी बघितलेत, आणि त्यांच्याकडचे मोडके बॅजही. बॅजच्या पाठीला ओतीव खुंट्या असतात. त्या पत्र्याच्या भोकांतून आत येतात, तिथे क्लिपा त्यांना धरून ठेवतात. क्लिपांवर तेल सोडायचं आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी हेअर ड्रायरने पत्रा कोमट करायचा, बॅजच्या मागे दातांचा फ्लॉस घालायचा आणि करवतीसारखा ओढत राहायचं. खुंटी तुटली तर गॅरेजचं वेल्डिंग उपयोगाचं नाही. हे बॅज मझॅकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे, आणि तो चारशे अंशांच्या आतच वितळतो.

आमच्या गाडीचे सगळे बॅज काढून मी जुन्या चादरीवर मांडले आणि, सवयीप्रमाणे, स्प्रेडशीट केली. क्रोमचा थर अगदी पातळ असतो. त्याखाली निकेल, त्याखाली तांबं, मग जस्त. बारीक छिद्रांतून ओल आत जाते, खालचं जस्त फुगतं आणि वर फोड येतात. नख फिरवून बघायचं. गुळगुळीत लागलं तर नुसता मळ आहे, पॉलिशने जाईल. नख अडकलं तर पॉलिशचा डबा बंद करायचा. मग प्लेटिंगवाला जुना थर उतरवणार, खड्डे तांब्याने भरणार, बफ मारणार. चकाकी येते, पण अक्षरांची धार बोथट होते. मला असे साबणाच्या वडीसारखे झालेले बॅज बघवत नाहीत.

‘पद्मिनी’ काढल्यावर खाली आणखी दोन भोकं निघाली. लांबी भरून बुजवलेली, आताच्या खुंट्यांशी न जुळणारी.

आरसी बुकात १९७३ साल आहे. कुर्ल्यात बनणाऱ्या या गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं १९७४ मध्ये. त्याआधी ती डिलाइट होती, मग थोडा काळ प्रेसिडेंट. म्हणजे आमच्या डिकीवर कारखान्यातून आलेलं नाव वेगळंच होतं. कोडमध्ये कुठली ओळ कोणी बदलली ते गिट ब्लेम सांगतं. इथे आजीला विचारलं.

“तुझ्या आजोबांनीच लावून घेतलं ते,” ती म्हणाली. “समोरच्यांकडे नवी पद्मिनी आली होती ना.”

बाबा तिथेच पेपर वाचत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी बंद झाल्या, तेव्हा यांनी आख्ख्या सोसायटीला ‘आमची पद्मिनी’ ऐकवली होती. त्यांनी पान उलटलं नाही, काही बोललेही नाहीत.

रिस्टोरेशनवाल्या मित्राचं मत ठाम आहे: १९७३ ची गाडी, तर नावही १९७३ चं. नाना पेठेत शोधू, मिळेल. शोमध्ये न्यायची असती तर मी ऐकलंही असतं. पण हा बॅज लावायला आजोबांनी पैसे मोजले, समोरच्यांच्या खिडकीतून दिसेल अशी गाडी लावली असणार. याला चूक म्हणून दुरुस्त करायला माझा हात होत नाही. त्याच्या ‘प’वर तीन फोड आहेत. प्लेटिंगला दिला नाही. कोमट पाण्याने धुतला, मेण लावलं.

पेंटर लांबी खरवडून भोकं पत्र्याने नीट बुजवणार होता. त्याआधी मी त्यांची मापं घेतली, फोटो काढले. बाबांनी मागितले नव्हते, तरी त्यांना पाठवले. दोन निळ्या टिका आल्या. संध्याकाळी ते गॅरेजमध्ये आले आणि पेंटरला म्हणाले, “पद्मिनीची भोकं तेवढी बुजवू नका हां.”