मागे ट्रॉली आहे

पिकअप दारात उभी दिसली की लोक हमखास विचारतात, "किती ओढते?" मंडप ठरवायला आलेले विचारतात, ईदला भेटायला आलेली लहान मुलंसुद्धा विचारतात. मुलींचे अब्बा खुशीत येऊन आकडा सांगतात. पण ओढलेलं थांबवता कसं, हे इतक्या वर्षांत एकानेच विचारलं. तो अमेरिकेहून आलेला माझा भाचा.

आमचा धंदा मंडप, बिछायत, लाइट आणि जनरेटरचा. घर जव्हारात, गिऱ्हाईक जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांत. पिकअपच्या हौद्यात लोखंडी पाइप, कनाती, सतरंज्या, खुर्च्या, वलीमा असला तर देगा. मागे दोन चाकांच्या ट्रॉलीवर जनरेटर. डिझेल, केबलची बंडलं आणि ट्रॉली धरून ते वजन सव्वा टनाच्या घरात जातं. दिवाळीनंतर सुरू होणारा हंगाम पाऊस पडेपर्यंत चालतो. लग्न वारल्यांचं असो, कोकण्यांचं, महादेव कोळ्यांचं की आपलं, वीज कधी जाईल याचा भरवसा कुणालाच नसतो, म्हणून जनरेटर सगळ्यांना लागतो.

भाचा टेक्सासला असतो. त्याच्याकडेही पिकअप आहे, पण तिच्यामागे तो घर ओढतो. बावीस फुटांची बंद गाडी, आत दोन पलंग, चूल, बेसिन, न्हाणीघर. सुट्टी लागली की बायकामुलांना घेऊन निघतो. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले तेव्हा माझ्या अम्मीने काळजीने विचारलं, "बेटा, राहतं घर विकलंस का?" त्याला हसू आवरेना. अशा घराला इंग्लंडकडे कॅरव्हॅन म्हणतात. शब्द आपल्या ओळखीचाच, फारसीतला कारवाँ. इंग्रजांनी तो नेला, त्याचं डोकं कापून शेपटाची 'व्हॅन' केली, आणि आता तो पर्यटनाचं बिल्ला लावून आपल्याकडे परत आला आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. त्यातल्या बहुतेक गाड्या एका सांगाड्यावरच्या, स्वतःच्या इंजिनाने चालणाऱ्या. मागे जोडून ओढायचं घर आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसतं. ओढायची सवय मात्र आपल्याला भरपूर आहे. जनरेटर, काँक्रीट मिक्सर, पाण्याची टाकी, उसाची ट्रॉली, सगळं कुणाच्या तरी मागे लागूनच गावात येतं.

तर भाचा आमच्या ट्रॉलीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "खालूजान, हिचे ब्रेक कुठे आहेत?" मुलींच्या अब्बांनी पिकअपकडे बोट केलं.

त्याने मग जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. तिकडे मागच्या गाडीला तिचे स्वतःचे ब्रेक असतात. पिकअपचं पेडल दाबलं की वायरीतून तिलाही इशारा जातो. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी एक डबी असते, तिच्यावरून हाताने फक्त मागचे ब्रेकही लावता येतात. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तीन हजार पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे. युरोपात तर ७५० किलोंच्या वर. आमचं वजन युरोपात बेकायदा ठरलं असतं. इथे ते रोज घाट उतरतं.

घाटाचं म्हणाल तर चढ कुणाला भिववत नाही. चढावर गाडी दमली तर थांबते. मोखाड्याहून त्र्यंबककडचा तोरंगण घाट असो, की खोडाळ्याहून कसाऱ्याकडची वळणं, खरी परीक्षा उतारावर असते. पिकअप थांबू पाहते आणि मागचा सव्वा टन तिला ढकलत राहतो. सतत पेडलवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि मग पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्या. वेगाचा हिशेबही सरळ नाही. चाळीसच्या जागी साठने गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबवायचं काम सव्वादोनपट. माझी थोरली लेक बी.एस्सी. झाली आहे, तिने हे पाटीवर मांडून दाखवलं तेव्हा तिचे अब्बा बराच वेळ पाटीकडे बघत होते.

वजन कुठे ठेवलंय यालाही किंमत असते. खोडाळ्याकडच्या एका लग्नात रात्री आवराआवर चालली होती. यजमानांकडच्या पोरांनी मदत म्हणून पाइपांचा भारा ट्रॉलीच्या पार मागच्या टोकाला बांधला. निघालो. पहिल्याच लांब उतारावर ट्रॉली शेपूट हलवू लागली. आधी थोडी डावीउजवी, मग प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा. कॅबिनमध्ये मी कलमा पुटपुटायला लागले. मुलींच्या अब्बांनी ब्रेक मारला नाही. रेसवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी आपोआप मंदावू दिली. जोरात ब्रेक मारला असता किंवा हेलकाव्यामागे स्टिअरिंग फिरवलं असतं, तर मागचं धूड पुढे येऊन पिकअपची आणि ट्रॉलीची कात्रीसारखी घडी झाली असती. रस्त्याच्या कडेला थांबून भारा सोडला आणि पुढे, दांडीच्या बाजूला घेतला. पुढच्या टोकाला भार असला की ट्रॉली मुकाट मागे येते, मागे असला की नाचते. भाच्याच्या देशात तर हिशेबच ठरलेला आहे, एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडावर पडला पाहिजे. त्याहून जास्तही नको, नाहीतर पिकअपची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग लागत नाही.

पिनेखालून दोन साखळ्या घ्यायच्या, त्याही एकमेकींना छेद देऊन. पिन निसटलीच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. आमच्याकडे साखळी एकच होती. दुसरी लेकीने आणली. "अल्लाहवर भरवसा आहे की," असं तिचे अब्बा म्हणाले, तर तिने उंट बांधण्याची गोष्ट त्यांनाच ऐकवली. ती त्यांनीच तिला लहानपणी शिकवली होती.

लेकीचा या धंद्यात शिरकाव कसा झाला, ते सांगते. मुलींच्या अब्बांना साखरेचा आजार आहे. तो डोळ्यांवर गेला आणि डॉक्टरांनी रात्रीचं ड्रायव्हिंग बंद केलं. मंडपवाल्याने रात्री गाडी चालवायची नाही म्हणजे दुकानाला कुलूपच. पगारी ड्रायव्हर ठेवला. तो परतीच्या वाटेवर ट्रॉलीवर माणसं बसवून दहा-वीस रुपये घ्यायचा. हे कळलं त्या दिवशी त्याचा हिशेब चुकता केला. मग लेक म्हणाली, "अब्बा, मी चालवते."

परवाना तिच्याकडे होता, हलक्या वाहनाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे की ७,५०० किलोंच्या आतलं मालवाहू वाहन या परवान्यावर चालवता येतं, वेगळा शिक्का लागत नाही. ट्रॉली मात्र कायद्याच्या नजरेत वेगळं वाहन. तिची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, विमा वेगळा. ती कागदपत्रं लेकीने महिनाभर खेटे घालून पूर्ण केली.

ट्रॉली मागे घेणं हा सगळ्यात किचकट भाग. महिनाभर फजरनंतर आम्ही गावाबाहेरच्या माळावर जायचो. ती चालवायची, मी खाली उभी राहून हात दाखवायची. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, आणि डोकं काही केल्या हे मानत नाही. शेवटी तिच्या अब्बांनी युक्ती सांगितली. हात स्टिअरिंगच्या वर नको, तळाशी धर. आता ट्रॉली जिकडे जायला हवी तिकडे हात ने. त्या दिवसापासून जमायला लागलं. आखूड ट्रॉली लांब ट्रॉलीपेक्षा चटकन वळते, म्हणून अवघड. भाच्याचं बावीस फुटी घर मागे घ्यायला उलट सोपं, असं तो फोनवर म्हणाला, तेव्हा लेकीची मान जरा ताठ झाली.

नातेवाईक बोलायचे ते बोललेच. "ट्रॉली ओढणाऱ्या मुलीला कोण मागणी घालणार?" एक खाला म्हणाल्या. मी त्यांना चहा दिला. त्यांच्याच नातीच्या निकाहला जनरेटर आमचाच होता आणि तो आणला होता लेकीने.

गेल्या वैशाखातली एक रात्र मात्र मला विसरता येत नाही. खोडाळ्याच्या पलीकडे एका पाड्यावर वारल्यांचं लग्न. अकरा वाजले. वऱ्हाडातली चौदा-पंधरा माणसं ट्रॉलीपाशी येऊन उभी राहिली. बायका, मुलं, एक म्हातारी. मोखाड्यापर्यंत सोडा म्हणाले. एसटी नाही, जीप मिळेना. लेक म्हणाली, "नाही बसवणार." एक वडीलधारे चिडले. "तुमचा आधीचा ड्रायव्हर बसवायचा. आम्ही काय नवीन बसतोय?"

ते खरंच नवीन नव्हतं. या भागातली माणसं दरवर्षी दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं असं सगळं बिऱ्हाड टेम्पो-पिकअपवर लादलेलं असतं आणि माणसं त्याच्यावर बसलेली असतात. पावसाआधी तशीच परत येतात. मालाच्या गाडीवर बसू नका, हे त्यांना आधी कुणी म्हटलंच नव्हतं, कारण दुसरी गाडी कुणी दिलीच नव्हती. म्हणून त्यांचा राग मला कळत होता. लेकीचं नाही म्हणणंही कळत होतं. जनरेटर तापलेला, डिझेल भरलेलं, खाली घाट, आणि मागच्या दोन चाकांना ब्रेक नाही.

मी माझी जागा सोडली. कॅबिनमध्ये म्हातारी आणि तान्हं बाळ असलेली एक बाई बसली. बाकीच्यांना यजमानांनी रात्रीपुरतं ठेवून घेतलं. मीही राहिले. दुसऱ्या दिवशी जुहरनंतर जव्हारात वलीमा होता, म्हणून ट्रॉली नेणं भाग होतं. लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या घरच्या ओट्यावर तिने मला गोधडी अंथरून दिली. फोनला रेंज नव्हती. पिकअपचे दिवे वळणांवर दिसत-लपत गेले. मग दिवे दिसेनासे झाले आणि फक्त आवाज राहिला, दुसऱ्या गिअरचा तो भरलेला, संथ हुंकार. मध्येच तो थांबला तर काय, हेच ऐकत बसले. धवलेरीने विचारलं, "पोरगी तुझीच?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "हळू नेतेय." नंतर आवाजही ऐकू येईना. मला झोप लागली नाही. फजरनंतर उजाडलं तशी पिकअप येताना दिसली, मागे ट्रॉली नव्हती. लेक जनरेटर जव्हारात लावून मला न्यायला परत आली होती. म्हातारीला तिच्या दारात सोडलं, एवढंच ती म्हणाली आणि माझ्या हातचा पाण्याचा तांब्या एका दमात संपवला.

त्या पाड्यावरचं पुढचं लग्न दुसऱ्या मंडपवाल्याकडे गेलं. त्याच्या पिकअपवर माणसं बसतात.

आता लेकीच्या डोक्यात वेगळंच आहे. पावसाळ्यात दाभोसा धबधबा, हनुमान पॉइंट, सूर्यमाळ बघायला मुंबई-नाशिकची माणसं येतात आणि आमचा धंदा नेमका तेव्हाच बंद असतो. जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर दोन पलंग आणि न्हाणीघराची बंद खोली बांधायची, हवी तिथे नेऊन उभी करायची. ज्यांच्याबरोबर म्हातारी माणसं आहेत, ज्यांना वजूला पाणी आणि आडोसा हवा, ते घेतील असं तिचं म्हणणं. वही भरून आकडे काढलेत. तिच्या अब्बांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि एकच अट घातली, आधी ट्रॉलीला तिचे स्वतःचे ब्रेक.

ती नाशिकला एका ट्रॉली बनवणाऱ्याकडे जाऊन आली. त्याने विचारलं, "ट्रॉलीला ब्रेक? कशाला?" तिने जव्हारपर्यंतचा रस्ता कागदावर काढून दाखवला, उतारांसकट. ब्रेकवाला आस बसवायला त्याने सांगितलेली रक्कम आमच्यासाठी मोठी आहे. माझी भिशी शाबानमध्ये लागते, त्यातून निम्मी निघेल. उरलेली हंगामातून काढायची. तोवर लेकीने रात्रीच्या ऑर्डरी घेणं बंद केलं आहे. दिवसा निघायचं, दिवसा परतायचं, आणि वहीत प्रत्येक ऑर्डरीपुढे ती लिहिते, वाटेत किती उतार आहेत.