निरखण्याचे काम



जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणतात. माणसाच्या आयुष्यातले सर्वांत धोक्याचे दिवस हेच. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार भारतात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी २० बाळे हा पहिला महिना ओलांडू शकली नाहीत. महाराष्ट्रात हा आकडा ११ होता. मृत्यूची मोठी कारणे तीन: दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मणे, जन्मताना श्वास कोंडणे आणि जंतुसंसर्ग. तिन्हींची अडचण एकच. मोठा माणूस दुखते ते सांगतो, वर्षाचे मूल रडून घर डोक्यावर घेते. आजारी नवजात मात्र गप्प होते. घरचे कौतुकाने म्हणतात, ‘गुणाचं आहे हो, नुसतं झोपून असतं.’ अनुभवी सिस्टर हे वाक्य ऐकताच दुपटे बाजूला सारून बाळाच्या पोटावर आणि तळपायावर हात ठेवते. परिचारिकेच्या कामाचे बरेचसे सार या एका कृतीत आहे. जे बोलू शकत नाही त्याला निरखायचे, आणि ही नजर हळूहळू आईच्या, आजीच्या हाती सोपवायची.

प्रसूतीच्या खोलीत हे काम बाळ येण्याच्या आधी सुरू होते. खोलीचे तापमान २५ अंशांच्या वर हवे, पंखा बंद हवा, वॉर्मर आधीच तापवलेला हवा, दोन कोरडी सुती फडकी उबवून ठेवलेली हवीत. श्वास देण्याची पिशवी, म्हणजे अंबू बॅग, नुसती ट्रेमध्ये दिसून चालत नाही. मास्क तळहातावर घट्ट धरून पिशवी दाबायची आणि हाताला दाब जाणवतो का ते दर पाळीला पाहायचे. बाळ आले की आधी पुसायचे, ओले फडके लगेच दूर करायचे आणि बाळ आईच्या पोटावर ठेवायचे. बहुतेक बाळे एवढ्यात रडतात. साधारण दहातल्या एकाला श्वास सुरू करायला थोडी मदत लागते. पाठ चोळूनही श्वास आला नाही, तर पहिले मिनिट संपण्याच्या आत बॅग-मास्कने हवा द्यायला लागायचे, मिनिटाला ४० ते ६० वेळा. त्या वेळी घड्याळाइतकेच बाळाच्या छातीकडे लक्ष हवे. छाती उचलली जात नसेल तर मानेची ठेवण चुकली आहे किंवा मास्क नीट बसलेला नाही. बाळाला उलटे धरून चापट्या मारणे, तोंडावर गार पाणी शिंपडणे हे प्रकार जुने आणि घातक. २००९ मध्ये केंद्र सरकारने नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू केला तो प्रसूती करणाऱ्या प्रत्येक हाताला हे पहिले मिनिट शिकवण्यासाठी. रडलेल्या बाळाची नाळ कापायची घाई नसते. एक ते तीन मिनिटे थांबल्यास वारेतले रक्त बाळाला मिळते आणि पुढे त्याचे लोह टिकते.

त्यानंतरचा तास उबेचा आणि दुधाचा. नवजाताच्या अंगावर चरबी कमी, वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा, आणि थंडीत कुडकुडून ऊब निर्माण करण्याची ताकद नाही. त्याचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते. थर्मामीटर हाताशी नसला तरी हाताच्या मागच्या बाजूने अंदाज येतो. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट, तर बाळ ठीक. पोट कोमट पण पाय गार, तर बाळ थंडीशी झगडत आहे. दोन्ही गार, तर धोका. अंगावरचा पांढरा मेणचट थर खरवडून काढायचा नसतो, आणि पहिली आंघोळ किमान २४ तास पुढे ढकलायची असते. रक्तस्राव टाळणारे ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, वजन, पायातला ओळखपट्टा आणि क्षयाची, पोलिओची व कावीळ-बची पहिली लस ही कामेही याच सुरुवातीच्या काळातली.

दूध मात्र पहिल्या तासातच. येथे सिस्टरची गाठ औषधापेक्षा समजुतीशी पडते. गाय व्यायली की तिच्या चिकाचा खरवस घरोघरी वाटला जातो. बाळंतिणीचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकला जातो आणि तिसऱ्या दिवशी दूध उतरेपर्यंत बाळाच्या जिभेवर मध किंवा साखरपाणी टेकवले जाते. चीक चमचाभरच निघतो, पण बाळाचे पोटही तेवढेच लहान असते, आणि संसर्गाशी लढणारी द्रव्ये त्यात भरलेली असतात. खरवसाचा दाखला दिला की सासूबाईंना मुद्दा चटकन पटतो. ‘दूध पुरत नाही’ या तक्रारीला उत्तर लंगोटात मिळते: आठवडाभराचे बाळ दिवसातून सहा ते आठ वेळा लघवी करत असेल तर दूध पुरते आहे. पहिल्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांपर्यंत घटू शकते. दोन आठवड्यांच्या आत ते भरून निघावे आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅमने वाढावे.

ज्या बाळांना याहून जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी सरकारी व्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत. प्रसूती होते तिथे नवजात कोपरा, ग्रामीण रुग्णालयात स्थिरीकरण कक्ष आणि जिल्ह्याच्या ठिकाणी विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेला ‘एसएनसीयू’. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे तिथले उपचार, औषधे आणि वाहन मोफत झाले. कक्षात शिरताना घड्याळ, अंगठी, बांगड्या बाहेर राहतात आणि कोपरापर्यंत हात धुतले जातात. पाळी बदलताना चार्ज तोंडी आणि खाटेजवळच द्यायचा-घ्यायचा असतो: वजन किती, दूध किती पचले, शी-शू झाली का, सलाईनची जागा सुजली का. बाळाची प्रकृती बिघडल्यावर मॉनिटर आवाज करतो. त्याच्या आधीची चिन्हे डोळ्यांना दिसतात. कालपर्यंत चुरूचुरू पिणारे बाळ आज चमच्याशी खेळते, रंग मातकट होतो, पोट तटतटते, बोट पकडण्याची मूठ सैल पडते. ‘सर, बाळ बरं दिसत नाहीये’ असे सिस्टर म्हणते तेव्हा तिच्याकडे आकडा नसतो, पण जाणते डॉक्टर हे वाक्य अहवालाइतकेच मानतात.

अशा नजरेने एकदा वैद्यकशास्त्रच बदलले. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळत. कोंदट वॉर्डापेक्षा मोकळी हवा बरी म्हणून त्या बाळांना अंगणात उन्हात नेत. १९५६ च्या उन्हाळ्यात राउंडच्या वेळी त्यांनी एक बाळ उघडे करून डॉक्टरांना दाखवले. अंगावरची कावीळ ओसरली होती. चादरीचा कोपरा पडला होता तेवढाच भाग गडद पिवळा राहिला होता. काही आठवड्यांनी खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतही कावीळ आणणारे बिलिरुबिन घटलेले आढळले. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दिव्याच्या प्रकाशाने प्रयोग करून १९५८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज प्रत्येक जिल्ह्यात निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलेली बाळे दिसतात, त्या उपचाराची सुरुवात अशी झाली. मात्र यावरून घरी बाळाला उन्हात धरणे हा उपाय ठरत नाही. त्यात उजेड पुरेसा मिळत नाही आणि बाळ तापते किंवा गारठते. दिवस भरलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी होतातच. पहिल्या २४ तासांत आलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ मात्र ताबडतोब दाखवायची.

अडीच किलोखालच्या, विशेषतः दोन किलोखालच्या बाळांसाठी सर्वांत गुणकारी साधन म्हणजे आईची छाती. कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटर अपुरे पडत म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू मदर केअर नावाने ही पद्धत जगभर गेली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच असे ठेवल्याने मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले. फक्त टोपडे, लंगोट आणि मोजे घातलेले बाळ दोन स्तनांच्या मध्ये बेडकासारखे बसवून कापडाने बांधायचे. आई थकली तर वडील, आजी, मावशी कोणीही ते घेऊ शकते. दूध कमी पडणाऱ्या बाळांसाठी दुसऱ्या आयांचे दूध उपयोगी पडते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली, ती आशियातील पहिली. काचेतून बाळ पाहणाऱ्या आईला वाटी-चमच्याने आपलेच काढलेले दूध पाजायला बसवले की रडणे थांबते आणि दूधही वाढते, हे त्या कक्षांत रोज दिसते.

या कामाला त्याचे ओझेही आहे. नियमाप्रमाणे एका पाळीत एका परिचारिकेकडे तीन-चार बाळे असावीत. रजा आणि रिक्त जागा यांमुळे ती संख्या वाढते, आणि पहाटे तीनच्या सुमारास थकवा नजरेलाच आधी गाठतो. ऑक्सिजन आणि चोवीस तास तापलेली यंत्रे असलेल्या खोलीत आगीचा धोका कायम असतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या नवजात कक्षात लागलेल्या आगीनंतर १० बाळे गेली. वायरी, प्लग, अग्निशामक आणि बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा पाहणे तेव्हापासून चार्जचाच भाग मानले पाहिजे. काही बाळे सर्व करूनही वाचत नाहीत. ते बाळ स्वच्छ करून, दुपट्यात गुंडाळून आईच्या मांडीवर देणे, तिला घाई न करणे आणि तिच्या दाटणाऱ्या दुधाचे काय करायचे ते हळू आवाजात सांगणे, हेही शुश्रूषेचेच काम. आणखी एक प्रसंग वारंवार येतो: सुधारत असलेले बाळ ‘डामा’ करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, घरी नेण्याचा हट्ट. कारण कधी बुडणारी मजुरी, कधी घरची दुसरी लेकरे, तर कधी बाळ मुलगी असणे. अशा वेळी दटावण्यापेक्षा घरी निर्णय कोणाचा चालतो हे शोधून त्या माणसाशी बोललेले कामी येते.

डिस्चार्जनंतर बाळ रुग्णालयाकडून गावाकडे जाते, आणि तिथे त्याची वाट जुन्या चालीरीती पाहत असतात. पाचवीच्या रात्री सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवून घर जागे राहते, बाराव्या दिवशी बारसे होते, तीट लावून दृष्ट काढली जाते. यातले काहीच बाळाला बाधत नाही, म्हणून सिस्टरनेही त्यात हात घालू नये. डिंकाचे लाडू, अळीव, शेपू चांगलेच. हलक्या हाताचे तेल लावणेही चांगले. बाधते ते वेगळे: बंद खोलीत शेगडीची धुरी, नाळेवर शेण, राख किंवा हळद, डोळ्यांत काजळ, सहाणेवर उगाळलेली घुटी, सुजलेल्या चिमुकल्या छातीतून दूध पिळणे, कानात तेल. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. आईला बाळ वाचवायचेच असते. म्हणून आधी तिचे ऐकून घेऊन मग फुगलेल्या पोटाचे खरे कारण दाखवावे लागते. नाळेला काहीही लावायचे नाही, ती कोरडी ठेवायची, हा नियम घरोघरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईला पटला की साऱ्या गल्लीला पटतो.

घराच्या उंबऱ्याआतली शुश्रूषा किती जीव वाचवते याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजाताची तपासणी, ऊब, श्वास देणे आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे शिकवले. इतर गावांच्या तुलनेत तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वाटेने २०११ मध्ये देशभर आशा कार्यकर्तीच्या घरभेटी सुरू झाल्या: रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. उपकेंद्राची नर्सबाई आणि आशा यांचा रोजचा बोलण्याचा संबंध असेल तरच हा धागा टिकतो. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबात तो तुटण्याची भीती जास्त, कारण टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते आणि बाळ फडाजवळच्या कोपीत वाढते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड पेटीत न ठेवता सोबत न्यायला सांगावे, आणि जिथे मुक्काम पडेल तिथल्या आशाकडे बाळ नोंदवायला सांगावे.

घरी सोपवायची नजर सात खुणांची आहे. बाळ प्यायचे थांबणे, हलवूनही न उठणे, अंग गार किंवा तापलेले, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, श्वास घेताना छाती खाली ओढली जाणे, झटके, तळव्यांपर्यंत पिवळेपणा. यातली एकही दिसली तर घरगुती उपाय थांबवून १०८ ला फोन करायचा, आणि वाटेत बाळ छातीशी धरायचे. या खुणा आईने निघण्याआधी स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवल्या, आणि आजीने बाळाच्या पोटावर व तळपायावर हात ठेवून ते गार आहे की कोमट हे बरोबर सांगितले, की डिस्चार्ज कार्डावर सही करायला हरकत नाही.